शाबासकीवर चालणारा कारखाना

कापूरबावडीहून खाडीच्या दिशेने जाणारा कोलशेत रस्ता हा दीर्घकाळ ठाण्याच्या कामगारांचा रस्ता होता. सँडोझचा, १९९५ नंतर क्लॅरियंटच्या नावाने चालू राहिलेला, रसायनांचा कारखाना आणि बायरचा कारखाना यांनी या परिसराला ओळख दिली. पाळी सुटण्याच्या वेळी फाटकाबाहेर सभा घेता येत होती. कामाचे तास हजेरीपटावर मांडले जात होते. जादा कामाचा दुप्पट दर कायद्याने ठरलेला होता, आणि तो मिळाला नाही तर कोणाच्या दारात उभे राहायचे हे कामगाराला ठाऊक होते. ते कारखाने गेले. त्यांच्या जमिनींवर गृहसंकुलांचे उंच मनोरे उभे राहिले आणि कोलशेतचे जुने कोळी-आगरी गावठाण त्या मनोऱ्यांच्या सावलीत आले.

कारखाना गेला म्हणजे त्या जागेवरचे श्रमही गेले, ही समजूत मात्र चुकीची आहे. या मनोऱ्यांत, आणि थोड्या प्रमाणात गावठाणातही, रात्री उशिरापर्यंत संगणकापुढे बसणारी जी तरुण मुले असतात, ती सगळीच नुसती खेळत नसतात. आई-वडिलांना तसे वाटते. पण त्यांच्यापैकी काही जण तो खेळ घडवत असतात. इंटरनेटवरून एकाच वेळी हजारो लोक जे खेळ खेळतात, ते कंपनीने एकदा तयार करून बाजारात आणले की आपोआप चालत राहतात असे नाही. त्यात नवे नकाशे लागतात, नवे नियम लागतात, चुका शोधून त्या दुरुस्त कराव्या लागतात, खेळ जेथून चालतो त्या सर्व्हरची देखभाल करावी लागते, स्थानिक भाषांत भाषांतरे करावी लागतात. जगभरात या कामाचा फार मोठा भाग खेळाडूंमधूनच पुढे आलेले लोक विनामूल्य करीत असतात. कोणी सांगितले म्हणून ते करीत नाहीत. खेळावरच्या प्रेमापोटी, शिकण्याच्या हौसेपोटी, बरोबरीच्या मित्रांत नाव व्हावे या साध्या मानवी इच्छेपोटी करतात. त्यांना ‘स्वयंसेवक विकसक’ म्हणतात. ठाण्यात ‘विकसक’ हा शब्द उच्चारला की कारखान्याच्या जमिनीवर मनोरे बांधणाराच डोळ्यांपुढे येतो, हे खरे. पण त्या विकसकाला जमिनीची मालकी मिळते आणि या विकसकाला शाबासकी मिळते, एवढा फरक लक्षात ठेवला म्हणजे गोंधळ होणार नाही.

या स्वयंसेवकांना प्रोत्साहन कसे द्यावे, ही अलीकडे सर्वत्र चर्चिली जाणारी बाब आहे. तीवर दिली जाणारी उत्तरेही ठरलेली आहेत: त्यांचे आभार माना, नावे झळकवा, नावापुढे एखादे मानचिन्ह लावा, त्यांच्या सूचनांना तत्परतेने उत्तर द्या. यातील एकही सल्ला वाईट नाही. आठवडाभर राबून पाठवलेल्या दुरुस्तीला साधी पोचही मिळाली नाही, तर उमेद खचते, हे कोणत्याही चळवळीतील कार्यकर्ता सांगू शकेल. परंतु प्रोत्साहनाचा विचार शाबासकीपाशी सुरू होऊन शाबासकीपाशीच संपत असेल, तर त्यामागे कोणाचे हित आहे हे पाहणे समाजवादी कार्यकर्त्याचे काम ठरते. शाबासकी देणाऱ्याला तिचा खर्च येत नाही.

या श्रमांची ताकद किती मोठी आहे, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. १९९३ साली अमेरिकेत ‘डूम’ नावाचा खेळ निघाला. त्याच्या निर्मात्यांनी १९९७ च्या अखेरीस त्याची मूळ संहिता, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला सगळा मजकूर, लोकांसाठी खुली केली. आज तीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावरही तो खेळ नव्या यंत्रांवर चालतो, तो कंपनीच्या कृपेने नव्हे. निरनिराळ्या देशांतील हौशी लोकांनी ती संहिता जिवंत ठेवली म्हणून. १९९९ साली मिन ली आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी ‘हाफ-लाइफ’ या तयार खेळात बदल करून ‘काउंटर-स्ट्राइक’ हा नवाच खेळ उभा केला. पुढच्याच वर्षी व्हॉल्व्ह कंपनीने तो घेतला, त्या दोघांनाही नोकरीत घेतले, आणि जगातील सर्वाधिक खेळल्या जाणाऱ्या खेळांत त्याची गणना झाली. २००२ सालच्या ‘वॉरक्राफ्ट ३’ या खेळात हौशी खेळाडूंनी केलेल्या एका रचनेतून ‘डोटा’ जन्मला आणि त्यातून स्पर्धात्मक खेळांची एक संपूर्ण शाखाच वाढली. या उद्योगातील कितीतरी नव्या कल्पना पगारी विभागांतून आलेल्या नाहीत, बिनपगारी रात्रींतून आलेल्या आहेत.

या रचना एका माणसाच्या मालकीच्या नाहीत, एकाने सुरू केले, दुसऱ्याने वाढवले, तिसऱ्याने पूर्ण केले, हे कंपन्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. २०२० च्या जानेवारीत ‘वॉरक्राफ्ट ३’ ची नवी आवृत्ती आली, तेव्हा तिच्याबरोबरच्या नियमावलीत ब्लिझर्ड कंपनीने स्पष्ट लिहून टाकले की, खेळाडूंनी या खेळात तयार केलेली प्रत्येक नवी रचना ही कंपनीचीच मालमत्ता राहील. जमीनदाराच्या शेतात कुळाने लावलेल्या झाडाचे फळ कोणाचे, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. येथे तो झाड लावण्यापूर्वीच जमीनदाराच्या बाजूने निकालात निघाला.

सर्वांत बोधप्रद प्रकरण आहे ते ‘माइनक्राफ्ट’चे. स्वीडनमधील मोजांग या छोट्या कंपनीचा हा ठोकळ्यांचा खेळ. ठाण्यातील शाळकरी मुलांनाही तो ठाऊक आहे. मूळ खेळाच्या सर्व्हरमध्ये स्वतःच्या गरजेप्रमाणे भर घालण्याची सोय नव्हती. ती सोय २०१० च्या डिसेंबरात सुरू झालेल्या ‘बकिट’ नावाच्या स्वयंसेवी प्रकल्पाने करून दिली. त्यामुळे जगभर हजारो लोकांना आपापले सर्व्हर आपापल्या नियमांनी चालवता येऊ लागले आणि खेळाचा पसारा वाढण्यास मोठा हातभार लागला. २०१२ च्या फेब्रुवारीत कंपनीने या प्रकल्पातील चार प्रमुख कार्यकर्त्यांना पगारावर घेतले. येथवर सगळे कौतुकास्पदच होते. मागे राहिलेले स्वयंसेवक पूर्वीप्रमाणे, आपला प्रकल्प आपलाच आहे या भावनेने, राबत राहिले.

२०१४ च्या ऑगस्टमध्ये थकलेल्या प्रमुखाने प्रकल्प बंद करीत असल्याचे जाहीर केले. तेव्हा कंपनीने पुढे येऊन सांगितले की, प्रकल्प बंद करण्याचा अधिकार त्याला नाही, कारण तो प्रकल्प दोन वर्षांपूर्वीच कंपनीने विकत घेतलेला आहे! म्हणजे दोन वर्षे माणसे स्वतःच्या घराला रंग देत आहोत असे समजून दुसऱ्याच्या घराला रंग देत होती. त्यांच्यातील एका स्वयंसेवकाने मग कायद्याचे हत्यार उचलले. त्याने लिहिलेली संहिता मुक्त परवान्याखाली दिलेली होती. त्या परवान्याची अट अशी की, तिच्याबरोबर जोडून वाटली जाणारी संहिताही तितकीच मुक्त असली पाहिजे. कंपनीची बंदिस्त संहिता तिच्यात मिसळलेली असल्याने ही अट मोडली जात आहे, अशी नोटीस त्याने सप्टेंबरच्या प्रारंभी दिली आणि बकिटचे वितरण थांबले. त्याच महिन्याच्या १५ तारखेला मायक्रोसॉफ्टने मोजांग कंपनी अडीच अब्ज डॉलरना विकत घेत असल्याचे जाहीर केले. त्या किमतीत बकिटच्या बिनपगारी स्वयंसेवकांच्या श्रमांचा अंश होता. त्यांचा वाटा मात्र कोणत्याही कागदावर लिहिलेला नव्हता.

त्या एका स्वयंसेवकाची कृती अनेकांना आवडली नाही. हजारो निरपराध खेळाडूंची अडचण झाली, हे खरेच आहे. संपाने प्रवाशांची अडचण होते तशी. पण ती अडचण झाली म्हणूनच, एरवी कोणी न वाचणारे ते परवाने किती जिवंत कागद आहेत, हे जगाला कळले.

अशा प्रकरणांत एक आक्षेप हमखास घेतला जातो: या मुलांवर सक्ती कोणी केली? आवडते म्हणून करतात, आवडेनासे झाले की सोडतील. यात शोषण कोठे आहे? आक्षेप अगदीच टाकाऊ नाही. ज्या देशाच्या राज्यघटनेला अनुच्छेद २३ लिहून वेठीला मनाई करावी लागली आणि त्यानंतरही १९७६ साली वेठबिगार निर्मूलनाचा वेगळा कायदा करावा लागला, त्या देशात वातानुकूलित खोलीत बसून केलेल्या हौशी कामाला वेठ म्हणणे हा खऱ्या वेठबिगाराचा अपमान होईल. तेव्हा शब्द जपून वापरावेत. परंतु सेवा आणि वेठ यांच्यामध्ये बरीच जमीन आहे, आणि आजचे भांडवल नेमके त्या मधल्या जमिनीवर पाय रोवून उभे आहे.

अमेरिकेतील न्यायालयांपुढेही हा प्रश्न गेलेला आहे. अमेरिका ऑनलाइन या कंपनीने एके काळी हजारो स्वयंसेवकांकडून आपल्या गप्पांच्या दालनांची देखरेख करून घेतली. त्यांच्या पाळ्या ठरलेल्या होत्या, त्यांना अहवाल द्यावे लागत, आणि मोबदला म्हणून इंटरनेटची जोडणी फुकट किंवा सवलतीत मिळे. १९९९ साली दोन माजी स्वयंसेवकांनी किमान वेतनाचा दावा लावला. तो अकरा वर्षे चालला आणि २०१० साली दीड कोटी डॉलर देऊन कंपनीने तडजोड केली. ‘अल्टिमा ऑनलाइन’ या खेळात नवख्या खेळाडूंना मदत करणाऱ्या स्वयंसेवकांनीही २००० साली असाच दावा केला होता. पाळी आली, अहवाल आला, वरिष्ठ आला, की नाव स्वयंसेवकाचे असले तरी नाते मालक-नोकराचे होते, हा युक्तिवाद कंपन्यांना स्वस्तात झटकता आला नाही. परिणाम मात्र असा झाला की, शहाण्या झालेल्या कंपन्यांनी पाळ्या आणि अहवाल काढून टाकले व शाबासकी तेवढी ठेवली.

तेव्हा सक्ती होती की नव्हती, या एकाच कसोटीने भागत नाही. राबणाऱ्याने निर्माण केलेली वस्तू शेवटी कोणाच्या हाती राहते, तिच्याविषयीच्या निर्णयात त्याला मत आहे काय, आणि थकल्यावर काम खाली ठेवण्याची त्याला मुभा आहे काय, हे विचारले पाहिजे. खऱ्या प्रोत्साहनाची चर्चा या प्रश्नांच्या उत्तरांपासून सुरू होते.

मालकीचा प्रश्न मुक्त संहितेच्या चळवळीने पुष्कळसा सोडवलेला आहे. ‘बॅटल फॉर वेसनॉथ’ हा खेळ २००३ पासून, ‘मिनेटेस्ट’ हा २०१० पासून (२०२४ मध्ये त्याने ‘लुआंटी’ असे नाव घेतले) स्वयंसेवकांच्या बळावर चालत आलेले आहेत. ‘झिरो ए.डी.’ या प्राचीन साम्राज्यांच्या खेळात तर रोम आणि पर्शियाच्या जोडीला मौर्यांचे राज्य आहे, चंद्रगुप्त आणि अशोकही आहेत. या खेळांची संहिता कोणालाही वाचता येते, बदलता येते, वाटता येते, आणि उद्या एखाद्या कंपनीने प्रकल्पाचे नाव विकत घेतले तरी आतापर्यंत लिहिलेले परत कोंडून ठेवता येत नाही. मराठीपुरते बोलायचे तर फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस मराठीतून वापरता येतात, आणि १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया आजही वाढतो आहे, त्यामागे याच प्रकारचे श्रम आहेत. त्या श्रमांना पुरस्कार मिळाला नसेल, पण ते कोणाच्या खासगी तिजोरीतही गेलेले नाहीत.

निर्णयाच्या अधिकाराविषयी मुक्त चळवळीलाही अभिमान बाळगण्याजोगे थोडेच आहे. अनेक प्रकल्प एखाद्या मूळ पुरुषाच्या लहरीने चालतात आणि त्या लहरीला कौतुकाने हुकूमशाही म्हणण्याचीही तेथे पद्धत आहे. डेबियन हा त्याला ठळक अपवाद. हजारावर स्वयंसेवकांच्या या प्रकल्पाने १९९८ साली आपली लेखी घटना केली. तेव्हापासून त्याचा नेता दरवर्षी सभासदांच्या मतदानाने निवडला जातो. ज्या पक्षांच्या अंतर्गत निवडणुका वर्षानुवर्षे होत नाहीत, त्यांनी या संगणकवाल्यांकडून थोडे शिकण्यासारखे आहे, एवढे जाता जाता नमूद करावयास हरकत नाही.

थकव्याचा प्रश्न अधिक गंभीर आहे. २०२४ च्या मार्चमध्ये एक धक्कादायक प्रकार उजेडात आला. ‘एक्सझेड’ नावाचे, माहिती दाबून लहान करणारे एक छोटे साधन जगातील असंख्य सर्व्हरांमध्ये वापरले जाते. ते वर्षानुवर्षे प्रामुख्याने एकच स्वयंसेवक सांभाळत होता. २०२२ साली काही अनोळखी नावांनी त्याच्यावर टीकेचा मारा सुरू झाला: कामे रेंगाळतात, झेपत नसेल तर दुसऱ्याला द्या. आपली मानसिक प्रकृती ठीक नाही, हे काम बिनपगारी आहे, असे तो बिचारा सांगत राहिला. त्याच सुमारास एक अत्यंत मदततत्पर ‘सहकारी’ पुढे आला, त्याने विश्वास मिळवला, अधिकार मिळवले आणि अखेर त्या साधनात चोरदरवाजा बसवला. एका दक्ष अभियंत्याला एका कामात अर्ध्या सेकंदाचा अकारण उशीर जाणवला, त्याने त्याचा माग काढला, म्हणूनच जगावरचे मोठे संकट टळले. अब्जावधींचा व्यवहार ज्या खांबावर उभा, तो खांब म्हणजे एक थकलेला, एकटा, बिनपगारी माणूस होता, आणि त्याला मदतीचा हात देणारा पहिला माणूस निघाला तो चोर. त्या साधनावर नफा कमावणाऱ्या बलाढ्य कंपन्यांपैकी एखादीने आधी तेथे एक पगारी माणूस बसवला असता, तर त्या चोराला तेथे जागा मिळणे अवघड होते.

आता पैशाचा प्रश्न. ‘सेवा’ हा शब्द ज्यांच्या संस्कारांत मुरलेला आहे त्यांना तो अप्रिय वाटेल. मोबदला आला की निष्ठा जाते, असे आपल्याकडील जुन्या कार्यकर्त्यांनाही वाटत आले आहे. पण येथे वर्गाचा विचार केल्यावाचून गत्यंतर नाही. रात्री चार तास बिनपगारी राबण्याची ऐपत कोणाची असते? ज्याचा दुसऱ्या दिवसाचा खर्च दुसरा कोणी करतो, त्याची. मनोऱ्यातील मुलाला स्वतःची खोली आहे, चांगला संगणक आहे, कॉलेजची फी बाप भरतो. गावठाणातल्या किंवा पलीकडच्या झोपडवस्तीतल्या तितक्याच हुशार मुलाला संध्याकाळी दुचाकीवरून लोकांच्या जेवणाचे डबे पोचवावे लागतात. मुलीच्या वाट्याला त्याशिवाय घरकाम येते, आणि ऑनलाइन खेळांच्या जगात पाऊल टाकताच जी घाणेरडी शिवीगाळ ऐकावी लागते ती वेगळीच. स्वयंसेवेचा अनुभव पुढे नोकरीच्या अर्जात लिहिला जातो, त्यावर निवड होते. म्हणजे बिनपगारी काम हा पगारी कामाचा दरवाजा बनतो, आणि तो दरवाजा ज्यांच्या घरी आधीच काही आहे त्यांच्यासाठीच उघडतो. त्यागाच्या भाषेआड ही विषमता झाकली जाते. मानधनाची मागणी ही म्हणूनच लोभाची मागणी ठरत नाही. गरिबाच्या मुलालाही सेवा करता यावी, ही समतेची मागणी आहे.

याचा एक नमुना ठाण्याच्या डोंगरापलीकडेच आहे. पवईच्या आय.आय.टी.मध्ये केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याच्या मदतीने चालणारा ‘फॉसी’ हा प्रकल्प मुक्त संहितेच्या प्रसाराचे काम करतो. पाठ्यपुस्तकांतील सोडवलेली उदाहरणे मुक्त साधनांत लिहून द्या, ती तपासली जातील आणि मान्य झाली की त्याबद्दल मानधन मिळेल, अशी त्याची साधी पद्धत. देशभरातील विद्यार्थ्यांनी असे काम केले. पैसा सार्वजनिक, काम सार्वजनिक, फळही सार्वजनिक, आणि मानधन घेतल्याने कोणाची निष्ठा ढळल्याचे दिसलेले नाही. हीच पद्धत खेळांना, मराठी भाषांतरांना, शाळांसाठीच्या साधनांना का लागू करू नये, याचे समाधानकारक उत्तर कोणी दिलेले नाही.

उलट दिशेचा एक प्रयोग २०१५ च्या एप्रिलमध्ये झाला. ‘स्कायरिम’ या खेळात हौशी लोकांनी केलेली भर विकण्याची सोय व्हॉल्व्ह आणि बेथेस्डा या कंपन्यांनी केली. विक्रीतील पंचवीस टक्के राबणाऱ्याला, उरलेले पंचाहत्तर दोन्ही कंपन्यांना. खेळाडूंनी इतका गदारोळ केला की चार-पाच दिवसांत योजना मागे घ्यावी लागली. त्या वेळी हा लोकांचा विजय मानला गेला. परंतु त्या गदारोळातील मोठा आवाज ‘आम्हाला फुकटच हवे’ असे म्हणणाऱ्या ग्राहकांचा होता. वाटा पंचवीसऐवजी पंचाहत्तर असावा, असे ठणकावून सांगणारी राबणाऱ्यांची संघटना तेथे नव्हतीच. संघटना नसली की मालकाशी भांडणही दुसराच कोणीतरी आपल्या वतीने, आणि स्वतःच्या सोयीने, करतो.

तसेच ‘फाइव्ह-एम’चे. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ या खेळाच्या पाचव्या भागावर स्वतंत्र सर्व्हर चालवण्याचे हे साधन हौशी लोकांनी बनवले. २०१५ साली रॉकस्टार कंपनीने त्याच्या कर्त्यांची खाती बंद केली. जणू ते चोर होते. पण लोक त्यावर खेळत राहिले, भारतातील अनेक सर्व्हर त्यावर उभे राहिले, आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्याच कंपनीने ते साधन चालवणारा संघ आपल्यात सामावून घेतला. कालचा चोर आज भागीदार ठरला. त्या सर्व्हरांवर आपापली भर घालणाऱ्या हजारो लहान-थोर रचनाकारांचे काय, हा प्रश्न करारात बसत नाही.

मालक अनेक, कामगार विखुरलेला, आज याच्याकडे तर उद्या त्याच्याकडे काम, कोणाच्याही हजेरीपटावर नाव नाही, म्हणून कोणताच कामगार कायदा लागू नाही: ही परिस्थिती महाराष्ट्राने यापूर्वी पाहिलेली आहे. बाजारपेठेतील माथाडी कामगाराची स्थिती नेमकी अशीच होती. त्याला कायद्याचे संरक्षण देता येणारच नाही, कारण त्याचा मालक कोण हेच सांगता येत नाही, असे व्यापारी म्हणत. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्यावर तोड काढली. मालक एक नसेल तर सगळ्यांची मिळून नोंदणी करा, शासन, मालक आणि कामगार यांचे मंडळ नेमा, मजुरी मंडळामार्फत द्या आणि तिच्यावर लेव्ही घेऊन भविष्यनिर्वाह निधी, औषधोपचार, रजा यांची सोय करा. रोजगार हमी योजनेसाठी शहरातील पगारदारांवर आणि व्यावसायिकांवर १९७५ साली व्यवसाय कर बसवण्यात आला, तोही याच न्यायाने. ज्यांना झळ नाही त्यांनी ज्यांना झळ आहे त्यांच्या कामासाठी वर्गणी द्यावी, आणि ती दया म्हणून नव्हे, कायदा म्हणून. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही डबे पोचवणाऱ्या व टॅक्सी चालवणाऱ्या मुलांसाठी त्यांच्या कंपन्यांकडून वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के वसूल करण्याचे तत्त्व मान्य झालेले आहे. ते तत्त्व संहिता लिहिणाऱ्यापर्यंत नेणे अशक्य नाही.

काही पावले पडलीही आहेत. जर्मन सरकारने २०२२ पासून मुक्त साधनांच्या देखभालीसाठी सार्वजनिक निधी उभारला. भारतात झेरोधा या शेअर दलालीच्या कंपनीने २०२४ साली अशा प्रकल्पांना दरवर्षी दहा लाख डॉलर देण्याचे जाहीर केले. दात्याचे आभार मानावेत. पण दात्याची मर्जी आज आहे, उद्या नसेल. ज्यांच्या नफ्यात या बिनपगारी श्रमांचा वाटा आहे त्या सर्वांवरच लेव्ही असली पाहिजे. केंद्राने २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन खेळांविषयी जो कायदा केला, त्याने पैशांवर खेळल्या जाणाऱ्या खेळांना बंदी घातली आणि इतर खेळांना उत्तेजन देण्याचे अभिवचन दिले. जुगार बंद झाला हे उत्तम. पुढील महिन्यात राज्याच्या मंत्रिमंडळानेही अ‍ॅनिमेशन आणि खेळ या उद्योगांसाठीचे धोरण मंजूर केले. उत्तेजन म्हणजे जमीन, वीज आणि करसवलत, ही समजूत मंत्रालयात पक्की आहे. मागणी अशी असली पाहिजे की, या उत्तेजनाचा ठरावीक हिस्सा मुक्त परवान्याखाली काम करणाऱ्यांच्या मानधनासाठी राखून ठेवला जावा, सरकारी मदत घेणाऱ्या प्रत्येक कंपनीने खेळाडूंच्या रचनांवर मालकी सांगणारी कलमे आपल्या नियमावलीतून काढावीत, आणि बंद पडलेल्या खेळाची सर्व्हर-संहिता तिने लोकांच्या हवाली करावी.

या मागण्या कोण करणार, हा प्रश्न उरतो. कामगार संघटनांना हा विषय पोरखेळ वाटतो आणि त्या मुलांना संघटना हा शब्द आजोबांच्या काळातला वाटतो. दोघांनाही जवळ आणण्याचे काम ठाण्यात होऊ शकेल. याच शहरात १८९३ साली काही ध्येयवादी माणसांनी मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन केले, आणि ते आजतागायत टिकले. व्यक्ती आल्या, थकल्या, गेल्या. पण सभासद होते, कार्यकारिणी होती, हिशेब सभेपुढे ठेवला जात होता, म्हणून एकाच्या थकण्याने दार बंद झाले नाही. स्वयंसेवेला टिकाऊ करणारी व्यवस्था या शहराला परकी नाही.

कोलशेत, ढोकाळी, मानपाडा या भागांतील कार्यकर्त्यांनी प्रथम एवढेच करावे. रविवारी सकाळी एखाद्या शाळेचा वर्ग मागून घ्यावा. संकुलातील आणि गावठाणातील, संगणक असलेल्या आणि नसलेल्या, मुलामुलींना एकत्र बोलवावे. भाषण टाळावे. त्या मुलांपैकीच कोणालातरी खेळात आपण काय भर घातली ते दाखवायला सांगावे. जुन्या कारखान्यांतील एखाद्या निवृत्त कामगाराला समोर बसवावे आणि त्याला प्रश्न विचारू द्यावेत: तास किती लागले, चूक निघाली तर जबाबदार कोण, विकले गेले तर पैसे कोणाला. त्यानंतर ज्या खेळावर ती मुले राबतात त्याची नियमावली मराठीत करून, कलमागून कलम, मोठ्याने वाचावी. ‘मान्य आहे’ असे लिहिलेले बटन त्यांनी आतापर्यंत अनेकदा दाबलेले असेल. कशाला मान्यता दिली, हे त्यांतील बहुतेकांना त्या दिवशी प्रथमच ऐकायला मिळेल.